प्रकल्प नोंदी : आईचा चार वाजताचा कप

१ डिसेंबर २०२४, रविवार

आईची साखर गेल्या महिन्यात वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सकाळचा चहा राहू दिला, दुपारचा बंद करायला सांगितला. दुपारच्या कपात ती दोन चमचे साखर घालते आणि साखरेशिवायचा चहा तिच्या लेखी चहाच नव्हे. चार वाजले की ती सवयीने स्वयंपाकघरात जाते, ओट्यावरचं पातेलं हातात घेते, मग आठवण होऊन परत पालथं घालते. हे मी तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी कॉलेजातून येताना स्ट्रॉबेरी-आंबा हर्बल चहाचा डबा घेऊन आले. २० टी-बॅगा, बिनसाखरेचा, वर लालबुंद स्ट्रॉबेरी आणि चिरलेल्या हापूसचं चित्र.

डबा उघडला आणि वास थेट हॉलपर्यंत गेला. आई आतून म्हणाली, "अगं, जेलीची पुडी फोडलीस का?" तिचा चेहरा खुलला होता. कपात उकळतं पाणी ओतलं, रंग डाळिंबासारखा उतरला. आईने बशी वर ठेवून पाच मिनिटं मुरू दिला, कप नाकाशी नेला, हसली. मग एक घोट घेतला. तो तोंडात जरा वेळ धरून गिळला आणि कप खाली ठेवला.

"वास येऊन गेला," ती म्हणाली. "मागे राहिलं ते चिंचेचं पाणी."

तिने थोडं दूध घालून पाहायला सांगितलं. घातलं. क्षणात फाटलं, गुलाबी पाण्यात पांढऱ्या कण्या. आंबटपणा एवढा असेल तर दूध टिकणार नाही हे मला आधी सुचायला हवं होतं. सामू, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ४.६ च्या आसपास आला की दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात.

उरलेला कप तिने मोरीत ओतला. अन्न टाकणं तिला अजिबात सहन होत नाही, तरी ओतला. तेव्हाच ठरवलं की या डब्यात काय आहे आणि त्याचं असं का झालं ते नीट शोधायचं, आणि आईला चार वाजता आवडीने पिता येईल असं काहीतरी घरात तयार करायचं. त्यासाठी ही वही.

२ डिसेंबर

पाच बॅगा कात्रीने उघडून पांढऱ्या ताटलीत ओतल्या. एकूण १०.३ ग्रॅम. चिमट्याने वेगळं करायला दीड तास लागला.

गडद लाल, चामड्यासारखे तुकडे सगळ्यात जास्त, जवळपास निम्मे. ही लाल अंबाडीची बोंडं. पाकिटावर त्यांना हिबिस्कस म्हटलंय, म्हणून आई जास्वंद समजली होती. भाजीची अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, पण बोंड वेगळं. फूल गळून गेल्यावर फळाभोवतीचा जो मांसल लाल निदलपुंज उरतो, तो वाळवून हे तुकडे होतात. त्याखालोखाल सफरचंदाचे फिकट, स्पंजासारखे तुकडे. मग रोझहिपची, म्हणजे रानगुलाबाच्या फळाची, भगवी सालं, संत्र्याच्या सालीचे थोडे चौकोन. स्ट्रॉबेरी शोधावी लागली. पाच बॅगांत मिळून तीन तुकडे, त्यावर पिवळसर बिया दिसल्या म्हणून ओळखू आले. काट्यावर ०.१ ग्रॅम. माझा काटा त्याहून कमी दाखवतच नाही.

आंबा सापडला नाही. घटकांची यादी पुन्हा वाचली. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे यादी नीट वाचली की अर्धं उत्तर मिळतं. पहिली अंबाडी, दुसरं सफरचंद, स्ट्रॉबेरी शेवटून दुसरी, आणि शेवटी आंब्याचा व स्ट्रॉबेरीचा स्वाद. म्हणजे आंबा फक्त वासात आहे. कंपनीने काही लपवलेलं नाही, बारीक अक्षरात सगळं लिहिलंय. पण आईने चित्र पाहिलं होतं, बारीक अक्षरं तिला चष्म्यातूनही दिसत नाहीत, आणि हे मला खरंच लागलं.

८ डिसेंबर, रविवार

आज शिस्तीत चव घेतली. चहाच्या चवपरीक्षेसाठी आयएसओ ३१०३ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९८० साली पहिल्यांदा आलेलं. दर १०० मिलि उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं. उत्तम चहा कसा करावा हे ते सांगत नाही. दोन चहांची तुलना करताना दोन्ही एकाच रीतीने केलेले असावेत, एवढाच त्याचा हेतू. ते खऱ्या चहासाठी, म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिसच्या पानांसाठी आहे. माझ्या डब्यात त्या झाडाचं एक पानही नाही. तरी प्रमाण म्हणून तेच धरलं : २०० मिलि पाणी, ४ ग्रॅम.

पहिली गोष्ट, नाक दाबून प्यायले. आंबट, थोडं तुरट, बाकी काही नाही. नाक सोडलं की स्ट्रॉबेरी येते, पण मागून, घशाच्या बाजूने, आणि घोट गिळताच जाते. फळाची म्हणून जी चव आपण म्हणतो ती बरीचशी नाकाचीच असते, जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि तो मांसरसासारखा पाचवा स्वाद कळतो. हे मी दरवर्षी बारावीच्या मुलांना एस्टर, म्हणजे फळांना वास देणारी संयुगं, शिकवताना सांगते. स्वतःच्या स्वयंपाकघरात इतकं स्वच्छ कधी अनुभवलं नव्हतं.

दुसरी गोष्ट वेळेची. दोन मिनिटांनी वास भरपूर, चव पाण्याची. सहा मिनिटांनी आंबटपणा पूर्ण उतरला, वास निम्मा राहिला. दहा मिनिटांनी वास जवळजवळ संपला आणि दातांवर खरखरीत थर बसल्यासारखं झालं. स्वादाचे रेणू हलके, ते वाफेबरोबर आधी उडतात. आम्लं सावकाश पाण्यात उतरतात. म्हणजे ज्या क्षणी पिण्याजोगं होतं त्या क्षणी फळ निघून गेलेलं असतं. पहिल्या दिवशी आईने पाच मिनिटं बशी झाकून धीर धरला आणि धीरानेच तिचं नुकसान केलं.

तिसरी गोष्ट मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलीय. त्याच कपात एक चमचा साखर घातली, आणि एकदम फळ आलं! वासही जास्त वाटायला लागला. खरं तर वास तेवढाच होता. पिकलेली स्ट्रॉबेरी आपण नेहमी गोडीबरोबरच खाल्लेली असते, त्यामुळे गोडी नसली की तो वास ओळखूनही मनाला पटत नाही. आणि साखर तर इथे घालायचीच नाही. बिनसाखरेच्या कपात गोड फळाचं नाव घेणं हेच मुळात चुकतंय असं मला आता वाटतं.

९ डिसेंबर

पाणी. नळाचं पाणी आणि सोसायटीच्या बोअरचं पाणी, दोन कप शेजारी ठेवले. नळाच्या पाण्यात माणकाचा लाल रंग, बोअरच्या पाण्यात जांभळट मळका आणि आंबटपणाही बोथट. बोअरच्या जड पाण्यातली बायकार्बोनेटं आम्ल खातात. अंबाडीचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, तो सामूप्रमाणे बदलतो. चिमूटभर खायचा सोडा टाकला तर कप निळसर-राखाडी झाला. उद्या वर्गात लिटमसऐवजी हेच दाखवते.

पुढच्या सगळ्या चाचण्या नळाच्या पाण्यात.

१५ डिसेंबर, रविवार

पाकिटात स्ट्रॉबेरी कमी होती म्हणून चव आली नाही, की स्ट्रॉबेरी मुळातच गरम पाण्यात काही देत नाही? हे तपासायला मंडईतून महाबळेश्वरची अर्धा किलो स्ट्रॉबेरी आणली. हंगाम नुकता सुरू झालाय, फळं लहान पण वासाची. देठं काढून ४६० ग्रॅम. पातळ कापा करून ओव्हनमध्ये ६० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, नऊ तास.

दिवसभर घर स्ट्रॉबेरीने भरून गेलं होतं. शेजारच्या काकू विचारायला आल्या, जॅम करताय का. मी खूश होते. चार वाजता लक्षात आलं की हा जो वास घरभर पसरलाय तो फळातून निघालेला आहे, आणि तो परत फळात जाणार नाही.

संध्याकाळी ४४ ग्रॅम उरली. काळपट लाल, चामट चकत्या. खायला उत्तम, आईने दोन खाल्ल्या आणि "बोरकुटासारखं लागतं" म्हणाली. पण ४ ग्रॅम चकत्या २०० मिलि पाण्यात सहा मिनिटं ठेवल्यावर आलं ते फिकट गुलाबी, कोमट आठवणीसारखं पाणी. जॅमचा, शिजवलेल्या फळाचा वास थोडा. ताज्या फळाचा हिरवट, टोकदार वास अजिबात नाही. स्वस्त पडावं म्हणून कंपनीने स्ट्रॉबेरी कमी घातली असेल, पण भरपूर घातली असती तरी कप सुधारला नसता. हे मान्य करायला हवं.

आंब्याचंही पाहिलं. घरची आंबापोळी बारीक कापून गरम पाण्यात घातली. पाणी गढूळ, गोड, घट्टसर. त्यात साखर आहेच, म्हणजे आईच्या कामाचं नाही. आंब्याचा नाद सोडला.

२२ डिसेंबर, रविवार

आज दिशा सापडली असं वाटतंय, आणि ती सापडली संत्रं सोलताना. साल मोडली तशी बोटांवर बारीक फवारा उडाला. देवघरातल्या निरांजनाच्या ज्योतीजवळ साल दुमडली तर तड्तड् ठिणग्या उडतात, लहानपणचा खेळ. तो फवारा म्हणजे तेल, मुख्यतः लिमोनीन, सालीतल्या बारीक पिशव्यांत बंद असलेलं. स्ट्रॉबेरीचा वास गरात मोकळा असतो, कापली की उडायला लागतो. संत्र्याचा वास सालीत कोंडून ठेवलेला असतो. मग गर कशाला वाळवायचा? जिथे झाडानेच वास जपून ठेवलाय तिथून घ्यायचा. साल, पान, बी.

कुंडीतल्या गवती चहाचंही तेच. पातं चुरगळल्याशिवाय वास येत नाही.

नागपुरी संत्री आणली. बाजारातल्या फळांवर चकाकीसाठी मेण असतं, म्हणून कोमट पाण्यात हाताने चोळून धुतली. सालीच्या आतला पांढरा पापुद्रा चमच्याने खरवडला, कडवटपणा बराचसा त्यात असतो. मग काड्यांएवढे तुकडे करून पंख्याखाली सावलीत ठेवले. उन्हात नाही. तीन दिवस लागतील.

आंबटपणासाठी कुडाळच्या मावशीकडून आलेली आमसुलं होतीच. अंबाडी नको, असं मी ठरवलं होतं, त्या डब्यावरचा राग त्यात होता.

२५ डिसेंबर

पहिली खेप : आमसूल २ ग्रॅम, संत्र्याची साल १ ग्रॅम, गवती चहा १ ग्रॅम.

वास फार सुंदर. आईने घोट घेतला आणि म्हणाली, "हे सार झालं. वर तूप-जिऱ्याची फोडणी दे, भाताबरोबर घेते."

खरंच सार होतं. खारट. आमसुलं करताना कोकमाची सालं त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात आणि टिकावीत म्हणून पुष्कळ घरी मीठ लावतात. मावशीला फोन केला. ती म्हणाली, "आगो, तां मिठाचां आसा. बिनमिठाचां धाडतंय." मग अर्धा तास कोकमावर बोलली. ह्या वर्षी पाऊस लवकर आला आणि झाडावरची फळं उतरवायच्या आत भिजली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण उतरवणारी माणसं मिळत नाहीत म्हणून निम्मं कोकम झाडाखालीच सडतं, असं तिचं म्हणणं. तिच्या परसात पाच झाडं आहेत. वय ७१, अजून स्वतः सालं उन्हात घालते.

२९ डिसेंबर, रविवार

बिनमिठाचं कोकम आलं. खेप दोन ते चार गेल्या दोन-तीन दिवसांत केल्या.

खारटपणा गेला, पण आता गोडीचा प्रश्न समोर आला. आंबट आणि वास, मध्ये काही नाही; घोट तोंडात पोकळ वाटतो. ज्येष्ठमधाची काडी घातली, गोडी आली, आईला आवडलंही. रात्री वाचत बसले तेव्हा लक्षात आलं की ज्येष्ठमधातलं ग्लिसिऱ्हायझिन नियमित घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. दुसऱ्या दिवशी तिच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही रोज नको असंच सांगितलं. ज्येष्ठमध काढलं. सगळ्या घटकांची यादी त्यांना दाखवून ठेवलीय, बाकी कशाला त्यांची हरकत नाही.

चौथ्या खेपेत बडीशेप. अर्धा ग्रॅम, खलबत्त्यात जेमतेम ठेचून. बडीशेपेतलं अॅनेथॉल जिभेला गोड भासतं आणि साखर तर त्यात नाही. पोकळी भरली. आईने कप संपवला. पूर्ण, तळापर्यंत. काही बोलली नाही, कप विसळून ठेवला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

मधले पंधरा दिवस परीक्षांचे पेपर, वही उघडली नाही. आई रोज चौथी खेप पिते. एक दिवस गवती चहा संपला तेव्हा पुदिना घातला, तो तिला आवडला नाही, दंतमंजन आठवलं.

रंगाची मात्र माझी तक्रार आहे. कोकमाचा रंग गरम पाण्यात विटकरी होतो. सुंदर नाही दिसत.

१९ जानेवारी, रविवार

संक्रांतीचं हळदीकुंकू आज केलं. नऊ जणी आल्या. तिळगूळ खाऊन झाल्यावर प्रत्येकीला दोन छोटे कप दिले, अ आणि ब. अ म्हणजे विकतचा, ब म्हणजे चौथी खेप. कुठला कोणता ते सांगितलं नाही. फक्त एवढंच विचारलं : आधी हुंगा आणि सांगा, मग प्या आणि सांगा.

हुंगून सात जणींनी अ निवडला. पिऊन आठ जणींनी ब.

तिळाच्या लाडवानंतर प्यायल्यामुळे जिभेवर गुळाची गोडी होती, त्याचा परिणाम असणारच, तेव्हा याला मी पक्की चाचणी म्हणत नाही. तरी हुंगतानाचं आणि पितानाचं मत इतकं उलटावं, हे पाहून आईचा पहिल्या दिवशीचा चेहरा आठवला.

खरी शिकवणी नंतर झाली. वरच्या मजल्यावरच्या काकू वर्ध्याच्या. त्यांनी अ कपातला लाल तुकडा बशीत काढून बोटांनी चुरला आणि म्हणाल्या, "ही बोंडं जुनी आहेत हो. आमच्याकडं अंबाडीच्या बोंडाचं सरबत करतात, चटणी करतात, असं मरतुकडं नाही लागत ते." मी म्हटलं, मला तर अंबाडीच नको वाटायला लागलीय. त्या जरा दुखावल्यासारख्या झाल्या. गावाहून आलेली ह्या हंगामाची बोंडं घरात होती, ती लगेच खाली घेऊन आल्या.

शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. डब्यातलं बोंड तपकिरीकडे झुकलेलं, हातात भुगा होणारं. काकूंचं बोंड वाईन रंगाचं, लवचीक, मोडलं तर कड ओलसर चमकते. नुसत्या बोंडांचा कप केला. आंबट होताच, पण स्वच्छ आंबट, मागे करवंदासारखी फळाची झाक. कोणताही स्वाद न घालता!

दीड महिना मी अंबाडीला दोष देत होते. दोष मालाच्या वयाचा होता, आणि त्यावर शिंपडलेल्या वासामुळे ते वय कळत नव्हतं. चौथ्या पानावर मी "अंबाडी म्हणजे स्वस्त भरती" असं लिहिलंय, ते खोडून टाकते.

२६ जानेवारी, रविवार

सातवी खेप. एका कपाला, म्हणजे २०० मिलि पाण्याला : बिनमिठाचं कोकम १.५ ग्रॅम, संत्र्याची साल १, गवती चहा ०.८, बडीशेप ०.५, अंबाडीचं बोंड ०.३. एकूण ४.१ ग्रॅम.

बोंड एवढंसं, पण रंग परत लाल झाला आणि कोकमाच्या जड आंबटपणाला वरची कड मिळाली. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मगच जिन्नस घालायचे, झाकण ठेवायचं, सहा मिनिटं. झाकणाला आतून जमलेले थेंब परत कपात झटकायचे. साल आणि गवती चहाचा वास त्या थेंबांत असतो. थेंब टाकलेला आणि न टाकलेला कप आईला न सांगता दिला, तिने दोन्ही वेळा बरोबर ओळखला.

थंड झाल्यावरही प्यायले. डब्यातला चहा थंड झाला की नुसतं आंबट पाणी उरायचं. हा थंड झाल्यावर वेगळा लागतो, बडीशेप पुढे येते, पण उभा राहतो.

२ फेब्रुवारी, रविवार

तीस कपांचं मिश्रण भरलं. कोकम ४५, साल ३०, गवती चहा २४, बडीशेप १५, बोंडं ९ ग्रॅम. काचेची बरणी, आणि ती अंधाऱ्या फडताळात. डब्याच्या बॅगा कागदी होत्या आणि वरचं वेष्टन पातळ. वास टिकावा असं वाटत असेल तर ते पुरेसं नाही.

बरणीवर काय लिहायचं यावर आई आणि माझं थोडं वाजलं. मी "फळांचा हर्बल चहा" म्हटलं. आई म्हणाली, "फळ कुठंय त्यात? सालं आहेत. सालं लिही." चिकटपट्टीवर तिने स्वतः लिहिलं : कोकम, संत्रासाल, गवती चहा, बडीशेप, अंबाडी. वजनाच्या उतरत्या क्रमाने. तिला नियम माहीत नाही, तिने बरणीत जास्त दिसलं तसं लिहिलं.

विकतच्या डब्यातल्या सहा बॅगा उरल्यात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दर्शक म्हणून, रंगावरून आम्ल ओळखायला, नेते.

सालीचा हिशेब : खरवडून, वाळवून एका संत्र्याची साधारण ५ ग्रॅम साल हाती लागते, म्हणजे तीस कपांना सहा संत्री. आंबिया बहाराची संत्री आता संपत आली. मृग बहाराची आली की चोवीस फळांची सालं एकदम वाळवून ठेवायची, पावसाळ्यापर्यंत पुरतील. मावशीला एप्रिलअखेर येते असं कळवलंय, ह्या वर्षी कोकमाची सालं उन्हात घालायला मी असेन.